प्लास्टरमधला सत्पुरुष

३ मार्च, सोमवार

संकल्प. आजपासून डेटिंग हा विषय माझ्यापुरता समाप्त. ॲप फोनवरून काढून टाकले. पासवर्ड तेवढा एका कागदावर उतरवून ठेवला आहे. तो निव्वळ व्यवस्थितपणा. मोहाशी त्याचा काही संबंध नाही.

निमित्त कालच्या भेटीचे. गृहस्थांच्या प्रोफाइलवर एक पर्वत, एक कुत्रा आणि 'प्रामाणिकपणा महत्त्वाचा' असे वाक्य. प्रत्यक्षात पर्वत मित्राने चढलेला, कुत्रा शेजाऱ्यांचा. प्रामाणिकपणाबद्दल मी विचारलेच नाही. कॉफी येईपर्यंत ते स्वतःविषयी बोलले, कॉफी संपेपर्यंत आधीच्या मैत्रिणीविषयी. मग आठवण झाली म्हणून विचारले, तू काय करतेस? म्हटले, दात करते. डेंटल लॅबमध्ये आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे माप पाठवतात, त्याच्या प्लास्टरच्या ठशावर आम्ही कॅप घडवतो, कवळ्या घडवतो. ते म्हणाले, ईऽऽ. आणि पुढे, तू हसत का नाहीस गं, हसलीस की छान दिसशील.

मी हसले नाही. माझ्या चारित्र्यातील ही सर्वांत अभिमानास्पद गोष्ट मानते.

राग आला की माझी मराठी शुद्ध होते. वडिलांनी लहानपणी पोथ्या वाचून घेतल्या त्याचा हा परिणाम. सध्या ती पुष्कळच शुद्ध आहे.

वैराग्य अनुभवातून यावे म्हणतात. माझ्या गाठीला पुरेसा अनुभव आहे. याच्या आधीचा रोज 'जेवलीस का' एवढेच विचारी. एकदा मी 'नाही' म्हटले, तर त्याला पुढचे सुचेना.

५ मार्च, बुधवार

आईचा फोन. मावशी शेजारी बसून खुणा करत होती. आईच्या वाक्यांत मधूनच मावशीचे शब्द येत होते त्यावरून कळले. मावशीने एक मुलगा पाहून ठेवला आहे. नुसतं चहाला ये, म्हणाली. मी म्हटले, माझा माणूस मी निवडीन. आई म्हणाली, निवड ना बाई, तुझा हात कोणी धरलाय? पण निवड एकदाची. एकोणतीस पूर्ण होतील. हा महिना संपेपर्यंत आण कोणाला तरी समोर, नाहीतर मावशीकडे चहाला यायचं आणि पुढेही ती म्हणेल तिथे जायचं. तोंड वाकडं न करता.

मी आवेशात म्हटले, मंजूर.

फोन ठेवल्यावर लक्षात आले की सोमवारीच मी हा विषय समाप्त केला आहे.

६ मार्च, गुरुवार

पाळी. कमरेत कोणी तरी पाना घालून पिळत असल्यासारखे. गरम पाण्याची पिशवी ॲप्रनच्या आत बांधून दिवसभर दाढा घडवल्या. सरांनी (लॅब त्यांची) विचारले, चेहरा का असा? म्हटले, डोकं दुखतंय. खोटे. पुढच्या महिन्यापासून खरे काय ते स्पष्ट शब्दांत सांगणार. त्यांना ओशाळायचे तर ओशाळू देत.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. सरांनी आम्हा बायकांना एकेक गुलाब दिला आणि आज जरा थांबून ऑर्डरी संपवा म्हणाले. फुलाला देठ होता, काटे काढलेले होते. यावर भाष्य करण्याचे मी टाळले. पण गुलाब सरांच्याच टेबलावर, त्यांच्या पेनांच्या भांड्यात खोचून आले.

थांबले ते बरे झाले. एका नव्या डॉक्टरबाईंकडून पेटी आली. नुकताच दवाखाना उघडला आहे, आमच्याकडे पहिलेच काम. वरच्या पुढच्या एका दाताची कॅप. पेटी उघडली आणि हात जागीच थांबला.

वरचा जबडा आणि खालचा जबडा एकमेकांवर ठेवले, तर कुलूप लागावे तसे बसले. माझ्या हातून आजवर इतकी तोंडे गेली, हे असे पाहिले नव्हते. चेहरा खोटे बोलू शकतो, दाढ बोलू शकत नाही. संतापी माणसाचे दात एकमेकांवर घासून सपाट होतात. काळजीने नखे कुरतडणाऱ्याच्या पुढच्या कडा मोडतात. मनाने एकांगी असतो तो एकाच बाजूने चावतो. येथे झीज नाही, चीर नाही, दाटी नाही. उजवे-डावे समसमान. समत्व म्हणतात ते याहून वेगळे काय असणार? सहा शत्रूंपैकी निदान क्रोध आणि लोभ तरी दाढांवरून तपासता येतात. ते नाहीत. उरलेल्यांची चौकशी यथावकाश.

थोरल्या ताई (धातूचे काम त्यांच्याकडे) खांद्यावरून डोकावल्या. म्हणाल्या, अगं बाई, असले दात मी फक्त पुस्तकात पाहिलेत. मी म्हटले, पुस्तकातली माणसंही कुठेतरी राहत असतीलच ना, ताई. त्या म्हणाल्या, तुला बरं नाहीये का?

संकल्प मोडला का? मुळीच नाही. वर्ज्य आहे ते डेटिंग. कामातील एकाग्रता कोणी वर्ज्य केली आहे?

११ मार्च, मंगळवार

डॉक्टरबाईंना फोन केला. पूर्णपणे व्यावसायिक. पुढच्या दाताची छटा तंतोतंत जुळावी लागते, त्यासाठी पेशंटला लॅबमध्ये बोलावून उजेडात पाहण्याची आमच्याकडे रीत आहे. बाई घुटमळल्या. म्हणाल्या, पेशंट येऊ शकणार नाही. रविवारी? रविवारीही नाही. लांब राहतात का? छे, इथेच असतो. मग अडचण काय? अं... फारसा बाहेर पडत नाही तो. तुम्ही सगळ्यात फिकी छटा धरा.

सर्वांत फिकी छटा! म्हणजे सिगारेट नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा बेताचाच. आणि बाहेर पडत नाही. मी आजवर ज्यांना भेटले ते सगळे बाहेर पडणारे होते. चूक तिथेच होत होती.

१३ मार्च, गुरुवार

कॅप झाली. भट्टीतून निर्दोष बाहेर आली. मी ती बाजूला ठेवून दुसरी करायला घेतली. सर म्हणाले, आधीच्या कॅपमध्ये काय वाईट होतं? म्हटले, प्राण नव्हता. सर म्हणाले, प्राण असू दे, शुक्रवारी पाठवायची आहे. पुढच्या शुक्रवारी, म्हटले. पहिल्याच कामात नाव झालं पाहिजे की नको?

घरी येताना, नेहमीप्रमाणे, किल्ली बोटांच्या फटीत धरून. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवरून एकाने शीळ घातली आणि वर, जरा हस की, म्हणाला. मी थांबले, त्याच्या तोंडात नीट पाहिले आणि सांगितले, पुढच्या दोन दातांच्या मध्ये कीड लागलीय, लवकर दाखवून घ्या. त्याने तोंड मिटले. मित्र हसले, तर तो त्यांच्याकडेही तोंड मिटूनच बघत होता. हा उपाय सर्व स्त्रियांना शिकवला पाहिजे.

१४ मार्च, शुक्रवार

आईला सांगून टाकले, आहे एक. आई एकदम हळू आवाजात बोलू लागली, जणू तो मागेच उभा आहे. काय करतो? म्हटले, ते अजून विचारलं नाही. स्वभावाने? अतिशय शांत. व्यसनं? एकही नाही. दिसायला? म्हटले, ठेवण उत्तम. अगं, पण बोलतो की नाही? फारसं नाही, म्हटले. आई म्हणाली, तुझ्या वडिलांसारखाच म्हण की. आणि गहिवरली.

यात एकही शब्द खोटा नाही.

१७ मार्च, सोमवार

आईने मावशीला सांगितले. मावशी म्हणाली, विश्वास नाही. तिच्या मते मी चहा टाळण्यासाठी माणूस बनवला आहे. म्हणून रविवारी दोघी येऊन त्याला प्रत्यक्ष पाहणार. नाही दिसला तर त्याच दिवशी मावशीकडे चहा. तिचा उमेदवार रविवारी मोकळाच असतो म्हणे. अर्थात असणारच.

मी म्हटले, खुशाल या.

गेल्या वर्षी मी प्रतिज्ञा केली होती की कोणत्याही पुरुषासाठी पायाचा एक केसही उपटणार नाही. आज दोन्ही पाय वॅक्स केले. स्वतःसाठी. स्त्रीने स्वतःसाठीही काही करावे. पार्लरवाली म्हणाली, कार्यक्रम आहे का काही? नाही, म्हटले. मग ओठांवरचंही उरकून टाकूया का? यातील 'मग' मला कळले नाही. उरकून टाकले.

१९ मार्च, बुधवार

तिसरी कॅप. हिच्यात सकाळचा प्रकाश आहे. डॉक्टरबाईंना फोन करून म्हटले, शुक्रवारी मी स्वतः घेऊन येते. पेशंटला नेमकं त्याच वेळी बोलवा. त्या म्हणाल्या, तो इथेच असेल, त्याची चिंता नको. अहो, नाही बसली तरी तो कधी तक्रार करणार नाही.

कधी तक्रार करणार नाही. पंधरा मिनिटे भट्टीसमोर नुसती बसून राहिले. ताईंनी येऊन भट्टी बंद केली.

ठरवले आहे: पहिले बोलणे त्याने करायचे. मी पुढाकार घेणार नाही. फक्त नाव, नोकरी आणि रविवारी तो मोकळा आहे का, एवढे विचारीन.

२१ मार्च, शुक्रवार

निळा ड्रेस. ज्या ब्राचा हूक दिवसभर पाठीत रुततो ती. पण खांदे सरळ राहतात.

दवाखाना छोटा, नवा, रंगाचा वास येणारा. बाहेरच्या बाकावर कोणीही नाही. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या, मोकळ्या स्वभावाच्या. म्हणाल्या, या, तो आत आहे.

आत खुर्चीवर लोखंडी दांड्याला अडकवलेले एक रबरी डोके होते. कॉलेजात विद्यार्थ्यांना सरावासाठी देतात तसले. बाईंनी त्याचे गाल मागे ओढले. आत प्लास्टिकचे दात. एक कापलेला. माझी कॅप टक्कन बसली.

बाई सांगत होत्या. कामं कोणत्या लॅबकडे द्यायची ते ठरवायचं होतं, म्हणून याचंच माप सगळ्यांना पाठवलं, पण चाचणी आहे असं सांगितलं नाही, सांगितलं की लोक एरवीपेक्षा जपून काम करतात. सगळ्यांत तुमची कॅप सरस. काय काम आहे हो! यापुढे माझं सगळं तुमच्याकडेच. माझ्या कामाची एवढी स्तुती आयुष्यात कोणी केली नव्हती आणि मी त्या डोक्याच्या हनुवटीखालचा स्क्रू पाहत होते.

तरी निघताना ताठ मानेने म्हटले, वरच्या दाताची कड तुम्ही थोडी जास्त कापलीत. बाई म्हणाल्या, हो का? नोंद करून ठेवते.

अनुमान माझे एकही चुकले नाही, हे येथे नमूद करते. राग नाही, लोभ नाही, चिंता नाही, व्यसन नाही. सगळे बरोबर होते.

आईला फोन. तो रविवारी येणार नाही. का गं? म्हटले, त्याला मनच नाही. आई म्हणाली, आजकाल सगळ्यांचं असंच आहे बाई. मग, मावशीला सांगते, म्हणाली.

२२ मार्च, शनिवार

चहाला जाणार. दिलेला शब्द पाळते मी. मात्र शब्द चहाचा दिला आहे, होकाराचा नाही. नकाराचे भाषण तयार केले. प्रारंभ: 'आपल्याविषयी आदर बाळगून.' मध्यभागी स्त्रीचे स्वातंत्र्य. शेवट सौम्य, पण फेरविचाराला जागा न ठेवणारा. आरशासमोर म्हणून पाहिले. डोळ्यांत पाणी आले, इतके चांगले झाले आहे. हा नकार तोंडावर दिला की मावशी पुन्हा कोणाला आणायची नाही.

२३ मार्च, रविवार

मावशीचे घर. उमेदवार वेळेवर आला होता. खालच्या पुढच्या दातांत दाटी. वरचा एक दात कोपऱ्यात उडालेला, बहुधा लहानपणीची पडझड. मागे उजवीकडे जुने भरण. बिस्किट उजव्याच बाजूने चावतो. याचा अर्थ डावीकडे काही तरी आहे. तो कशाविषयी तरी बोलत होता, बराच वेळ, आणि मध्येच हसला, तेव्हा हिरड्याही पाहून घेतल्या. बऱ्या आहेत.

भाषणाला सुरुवात करणार, तर तोंडून निघाले, डावीकडची दाढ दुखते का हो तुमची? तो चपापला. म्हणाला, हो, दोन महिने झाले, पण तुम्हाला कसं... मावशीने टेबलाखालून मला चिमटा काढला आणि सगळ्यांना आणखी चहा ओतला. त्यानंतर भाषणाची संधी मिळाली नाही. काही हरकत नाही. फोनवर कळवीन. लेखी स्वरूप अधिक परिणामकारक.

२५ मार्च, मंगळवार

मी फोन करणार तोच मावशीचा आला. त्याच्याकडून नकार आहे.

मी म्हटले, शक्य नाही, नकार माझा आहे. मावशी म्हणाली, तुझा तुझ्यापाशी ठेव, त्याचा आला. मुलगी हुशार आहे म्हणाला, दाढ दाखवली, खरंच किडलेली निघाली, आभार सांगा म्हणाला. पण तासभर माझ्या तोंडात बघत होती, म्हणाला, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी एवढं तिच्या कामाविषयी विचारलं, स्वतः कॅप करता की कसं ते, तर उत्तरसुद्धा दिलं नाही.

माझ्या कामाविषयी विचारले?

मूळ नकार माझाच. त्याचा फक्त आधी पोहोचला. भाषण जपून ठेवते आहे, ते वाया जाणारे नाही.

फोन ठेवताना मावशीला सहज विचारले, दिसायला कसा आहे गं तो?

मावशी म्हणाली, आता कशाला हवंय तुला?