नाणं पडलं तशी बाजू

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन्ही गुडघे सध्या कुरकुरतात, तेव्हा तेवढे वगळून बाकीचा नमस्कार पोचता समजावा.) तुझा रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा आहे. वहिनींना म्हणावं, डोळ्यांत थेंब वेळेवर घाला. त्या घालत नाहीत हे मला इथे बसून दिसतं. पत्रात मोठ्या भावाला ‘तुम्ही’ लिहावं अशी आपल्या वडिलांची शिस्त, पण संतापलेल्या माणसाला ‘तुम्ही’ फार लांब पडतं, म्हणून सरळ ‘तू’ लिहितो. यापुढे ‘इकडे सर्व क्षेम आहे’ असं लिहायची पद्धत आहे. ते मी लिहिणार नाही, कारण नाही.

तुझी पुतणी कॉलेजातल्या वादविवाद मंडळात शिरली हे तुला ठाऊक आहेच. पाहुणे आले की आईच्या मागे लपणारी पोर चार माणसांत बोलायला लागली, म्हणून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मीच कौतुकाने सांगत सुटलो होतो. पण हा काय प्रकार असतो याची मला कल्पना नव्हती. मला वाटायचं, एखाद्याला काहीतरी मनापासून वाटतं, ते तो उभा राहून सांगतो, लोक टाळ्या वाजवतात आणि चहा पिऊन घरी जातात. छे! आधी विषय देतात, मग नाणं उडवतात आणि नाणं पडेल त्या बाजूने बोलायचं. तयारीला जेमतेम पाव तास. स्वतःचं मत असलंच तर ते खिशात घालून बसायचं. समोरचा बोलत असताना मध्येच डोक्यावर हात ठेवून उभं राहायचं, म्हणजे ‘मला प्रश्न विचारायचाय’. आणि बोलणाऱ्याने वाटल्यास त्याला माशी हाकलावी तसं हातानेच खाली बसवायचं. (इतर कुठेही याला उद्धटपणा म्हणतात. तिथे याला गुण देतात.)

ही विद्या घरात आल्यापासून माझं बोलणं संपलं. मी म्हणतो, घरी उशिरा येत जाऊ नकोस. ती म्हणते, ‘उशीर’ची व्याख्या करा. मी घाम गाळून व्याख्या करतो, तर म्हणते, ही तुमच्या सोयीची आहे. आमच्या हिलाही तेच वारं लागलंय. परवा जेवताना मी एका गिऱ्हाइकाची तऱ्हा सांगत होतो, तर ही डोक्यावर हात ठेवून समोर उभी! नियमात बसतं म्हणून मी हिला हाताने खाली बसवलं. त्यानंतरचे सगळे चहा माझे मीच करून प्यालो.

तरीही अंतिम फेरीला मी दुकान बंद ठेवून गेलो. कॉलेजचा तो लांबोडका हॉल, खुर्च्या अशा की बसलं की किंचाळणार, व्यासपीठावर एक घंटा आणि घंटेइतक्याच गंभीर चेहऱ्याच्या अध्यक्षीणबाई. विषय ऐकला आणि मी ताठ बसलो. ‘आईवडिलांचा धंदा मुलांनीच पुढे चालवावा.’ आणि आपली पोर अनुकूल बाजूला! दादा, काय बोलली ती! म्हणाली, माझे वडील चष्मेवाले आहेत. म्हणाली, नवा चष्मा घातला की ते माणसाला आरशात बघू देत नाहीत, आधी दाराशी नेतात आणि समोरच्या झाडाकडे बघायला लावतात. झाड म्हणजे हिरवा ढीग नसून त्याला सुटी सुटी पानं असतात, हे माणसाला कळतं तेव्हा ते त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत असतात. म्हणाली, काच घासायला कुणीही शिकवेल, पण हे बघणं बापाच्या शेजारी बसूनच येतं. माझा स्वतःचा चष्मा इतका ओला झाला की पुढची दोन मिनिटं मला फक्त ऐकू आली.

मग विरुद्ध बाजूचा एक उंच पोरगा उठला. (फ्रेम इतकी सैल की दर वाक्याला नाकावरून घसरत होती. कुणी बसवून दिली होती देवास ठाऊक. ज्याला स्वतःच्या चष्म्याच्या दांड्या नीट करून घेता येत नाहीत तो जगाला शिकवणार!) तो म्हणाला, वारसा म्हणजे अर्ज न करता मिळालेली आणि राजीनामा देता न येणारी नोकरी. लोक हसले. मी उभा राहून ओरडलो, “खाली बस!” अध्यक्षीणबाईंनी घंटा वाजवून मलाच खाली बसवलं. असो. करंडक आपल्या पोरीला मिळाला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी रंगाऱ्याला बोलावलं आणि पाटीवर ‘चष्मेवाले’च्या पुढे ठळक अक्षरांत ‘आणि कन्या’ लिहून घेतलं. आता यात माझं काय चुकलं ते तू सांग. संध्याकाळी ती आली, रस्त्यातच थांबली, मान वर करून पाटीकडे बघत राहिली.

“बाबा, हे काय?”

“तुझंच म्हणणं.”

“ते माझं म्हणणं नव्हतं. ती माझी बाजू होती.”

“म्हणजे भरल्या सभागृहात खोटं बोललीस?”

“नाही. तुमच्याबद्दलचं सगळं खरं होतं,” ती म्हणाली. “निष्कर्ष तेवढा नाण्याचा.”

आणि मग तिथेच, ओल्या रंगाच्या पाटीखाली उभी राहून तिने सांगितलं की तिला वकिली शिकायचीय. मी बोलणं टाकलं. तीही माझीच मुलगी, तिनेही टाकलं. घरात फक्त भांडी बोलत होती. शेवटी ही वैतागली. रविवारी जेवणाचं टेबल मोकळं केलं, पोळपाटावर लाटणं आपटून सभा सुरू केली आणि विषय दिला, ‘मुलीने दुकान चालवावं.’ नाणं उडवलं. मुलगी अनुकूल, मी प्रतिकूल!

हा अन्याय तुझ्या लक्षात येतोय का? माझ्याच दुकानाविरुद्ध मी बोलायचं! मी म्हटलं, मुद्दाम वाईट बोलतो आणि हरतो, म्हणजे काम फत्ते. पण पोरगी सुरुवातीलाच माझ्याकडे बघून अशी बारीक हसली की माझं टाळकं सटकलं. (पन्नाशी उलटलेल्या माणसाला हरवून दाखव म्हणावं.) मी उभा राहिलो. आधी म्हटलं, या पोरीला काच पुसायचा कंटाळा आहे. मग म्हटलं, मागे तिने एका आजोबांना त्यांच्या बायकोचा चष्मा दिला होता. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण वेळ शिल्लक होता आणि तोंड चालू होतं. मी म्हणालो, हा माणूस दिवसभर परक्या लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारतो, ही बरी की आधीची बरी? पुन्हा बघा, घाई नाही. अनोळखी माणसालाही दहादा विचारतो. आणि घरच्या पोरीला काय हवं ते एकदाही न विचारता सरळ रंगारी बोलावतो. असल्या माणसाच्या हाताखाली तिने का काम करावं?

पोरगी उत्तराला उभी राहिली, तोंड उघडलं, आणि बसली. म्हणाली, “माझ्याकडे खंडन नाही.” हिने डोळे पुसत निकाल दिला. मी जिंकलो. एका मताने, दादा! जन्मात पहिल्यांदा या घरात मी वाद जिंकलो आणि त्यात माझं दुकान गेलं. मी लगेच सांगितलं की हे मी बोललो नाही, माझी बाजू बोलली. तर मायलेकी एका सुरात म्हणाल्या, निष्कर्ष लागू आहे. हा कुठला नियम? मी हाताने दोघींना खाली बसवलं, बसल्या नाहीत.

अशा मंडळांवर बंदी आली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत नाणं न उडवता बनवलेलं आहे. वहिनींना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुझा विजयी आणि बुडालेला,
धाकटा भाऊ

ता. क. तुमच्या गावातलं वकिलीचं कॉलेज फार चांगलं आहे असं मी चौकशी करून काढलंय. तिचा अर्ज भरला आहे. तुझी पुढची खोली रिकामी असते, तिथे ती राहिली तर चालेल का? नाही म्हणायचं असेल तर मला कळव, तिला कळवू नकोस. ती तुला ‘हो’ म्हणायला लावेल.

आणखी एक. सामान लावायला मी बरोबर येईन आणि आठवडाभर राहीन म्हणतो. तिला नव्या जागी करमलं की निघेन. ती म्हणते, तिला पहिल्या दिवसापासून करमेल, मी यायची काही गरज नाही. म्हणे, पुरावा द्या. माझ्याकडे पुरावा नाही. तरी येतोय.