नवातले किती उजेडाचे

मी, आशालता काशिनाथ भिंगारदिवे, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी (परीक्षेला गोवर निघाला, म्हणून तिसरी पास समजावं), मूळ राहणार भिंगार, अहमदनगर, हल्ली मुक्काम मुलगा मकरंद याचं घर, सँडरिंगहॅम, ऑकलंड, प्रभूला स्मरून हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्याचा इथं संबंध नाही. मला कुणी दमदाटी केलेली नाही की भरीला घातलेलं नाही. उलट मकरंद म्हणतो, "आई, आत्ता कुठं हे काढलंस?" यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द समजावीत असं लिहायचं असतं म्हणे. यापूर्वी एकही केलेलं नाही, तरी रद्द.

एवढी वर्षं मृत्युपत्र का केलं नाही, तेही सांगते. चाळीस वर्षं मी जगाच्या शेवटाची वाट बघत होते. शेवट आला असता तर देणारी मीही नसते आणि घेणारेही नसते. तो आला नाही, म्हणून हा कागद.

१. या मृत्युपत्राची व्यवस्था माझी सून सुखदा हिनं बघावी. ती फार्मासिस्ट आहे, गोळ्या मोजून देते, वाटणीही मोजून करील.

२. साक्षीदार दोन लागतात. एक रमण, ज्यांच्या दुकानातून मी कोथिंबीर आणि गूळ आणते. दुसऱ्या साक्षीदार माझ्या विहीणबाई, म्हणजे सुखदाच्या आई, सुनेत्रा लिमये, निवृत्त मुख्याध्यापिका, पुणे, हल्ली मुक्काम माझ्या शेजारची खोली, मधे एक पातळ भिंत. यांना मी मुद्दाम घेतलंय. वकीलबाईंनी सांगितलं की जो साक्षीदाराची सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, इथला कायदाच आहे. हे ऐकून मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंना डबाभर करंज्या नेऊन दिल्या.

३. भिंगारच्या दोन खोल्या आणि मागचं शेवग्याचं झाड मकरंदला. पण माझा भाऊ बाळासाहेब तिथं राहतो, त्याला तो जिवंत असेपर्यंत उठवू नये. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, त्याला मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि मला चौथीतून काढून शेळ्यांमागं लावलं. त्याचं दप्तर मी पोचवायचे शाळेच्या दारापर्यंत आणि तिथून परत. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही, हे त्याला कळवावं. खोल्या मात्र राहू द्याव्यात.

४. माझ्या नवऱ्याची सुतारकामाची हत्यारं, म्हणजे दोन रंधे, तीन पटाशा, एक करवत, विमानातून आणली होती, विमानतळावर तासभर उभं केलं होतं मला. ती मकरंदला. मकरंद इंजिनियर आहे, पण भिंतीला खिळा ठोकायला माणूस बोलावतो. काशिनाथ असते तर काय म्हणाले असते ते इथं लिहीत नाही.

५. पाटल्या सुखदाला. बँकेत जे असेल ते माझ्या मातीला लावावं, उरेल ते चर्चला.

६. आता खरं काय ते. माझी नात मैत्रेयी, वय एकोणीस, युनिव्हर्सिटीत शिकते. विषय काय, तर येशूच्या आधीचे आणि नंतरचे लोक जगाच्या शेवटाबद्दल काय समजत होते! हे ऐकून मी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. माझ्या रक्ताचं पोर माझाच विषय शिकतंय! दानीएलाला दिसलेली चार श्वापदं, सात शिक्के, पांढऱ्या झग्यांतली माणसं, हे सगळं मला तोंडपाठ आहे. मी म्हटलं, आता ही माझ्याजवळ येऊन बसणार.

बसली कुठं? तर पुण्याच्या आजीजवळ. ती मला नगरआजी म्हणते आणि विहीणबाईंना पुणेआजी. पुणेआजीला इंग्रजी येतं, पुणेआजी निबंध वाचून शेरे मारते, पुणेआजीनंच तिला दर शनिवारी बसवून मराठी वाचायला शिकवलं. दोघी जेवणाच्या टेबलावर, आणि मी गॅसपाशी चहा गाळत. माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला लिहू, मरणाच्या कागदावर?

एकदा चहा ठेवताना मी विचारलंच, "काय लिहिलंय गं एवढं?"

मैत्रेयी म्हणाली, "आजी, यू'ल लव्ह धिस." मग तिनं अर्ध्या इंग्रजीत सांगितलं. मृत समुद्राजवळच्या गुहांत जुन्या गुंडाळ्या सापडल्या. काही यहुदी लोक यरुशलेमवर रागावून रानात जाऊन राहिले होते. ते म्हणायचे, देवानं दोन आत्मे केलेत, एक उजेडाचा, एक अंधाराचा. आपण उजेडाची लेकरं, बाकीचे अंधाराची, आणि शेवटी दोघांचं मोठं युद्ध. पुढं येशूच्या मागून चालणाऱ्यांनीही उजेड-अंधाराची भाषा उचलली आणि उद्या नाहीतर परवा शेवट येणार म्हणून वाट बघत बसले.

मला काही नवीन वाटलं नाही. माझ्या पवित्र शास्त्राच्या मागच्या कोऱ्या पानावर मी पेन्सिलीनं दोन रांगा करून ठेवल्यात, एक उजेडाच्या माणसांची, एक अंधाराची. अंधाराच्या रांगेत पहिलं नाव कुणाचं, ते सांगायला नको.

पण एक गुंडाळी नवीन होती. त्यात लिहिलंय की प्रत्येक माणसात नऊ भाग असतात, काही उजेडाचे, काही अंधाराचे, आणि किती ते शरीरावरून ओळखता येतं. पायाची बोटं लांब आणि सडपातळ असतील तर सहा उजेडाचे, तीन अंधाराचे. हातांची बोटं जाड, पायांची आखूड, दात वेडेवाकडे, तर आठ अंधाराचे आणि एकच उजेडाचा.

मी टेबलाखाली बघितलं. विहीणबाईंनी जँडल्स, म्हणजे इथल्या अंगठ्याच्या रबरी चपला, घातल्या होत्या. बोटं कशी, चवळीच्या शेंगा! माझी म्हणाल तर आल्याचे तुकडे.

विहीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय शोधताय आशाताई? चमचा पडला का?"

"झुरळ होतं," मी म्हटलं.

७. माझं पवित्र शास्त्र, मराठी, काळ्या कापडी बांधणीचं, समासात माझ्या अक्षरात टिपणं असलेलं, मैत्रेयीला द्यावं. अट एकच. सुनेत्रा लिमये यांनी त्याला हात लावू नये आणि मैत्रेयीला ते वाचून दाखवू नये.

(इथपर्यंत गेल्या आठवड्यात लिहिलं. सात नंबर आता रद्द. कागद वाया घालवत नाही, पुढं लिहिते.)

८. यासाठी मागचं सांगावं लागतं. आम्ही आधी ख्राइस्टचर्चला होतो. तिथं पहिला भूकंप झाला तेव्हाच मी ओळखलं, हीच खूण. त्या दिवसापासून मी रोज पांढरं पातळ नेसायला लागले. दोनच होती, एक अंगावर, एक दोरीवर. बोलावणं आलं तर तयार असावं. सुखदा म्हणायची, "आई, शेजारी विचारतात, कोण गेलं?" त्याच सुमाराला विहीणबाई पुण्याहून आल्या. शास्त्रात दोन बायांची गोष्ट आहे, शेजारी बसून दळत असतात, एक उचलली जाते आणि दुसरी तशीच राहते. आम्ही दोघी मिक्सरपाशी उभ्या असलो की मला ती आठवायची आणि मनातल्या मनात हसू यायचं.

बावीस फेब्रुवारी दोन हजार अकरा, मंगळवार, दुपार. मकरंद आणि सुखदा कामावर. मैत्रेयी चार वर्षांची, आत खेळत होती. मी आणि विहीणबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. जमीन उचलली आणि आपटली. कौलं खाली, शेजारची चिमणी खाली, गवतातून करडा चिखल उकळल्यासारखा वर यायला लागला. मी दोन्ही हात वर केले आणि आकाशाकडे तोंड करून उभी राहिले. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. मी कर्ण्याचा आवाज ऐकायला कान लावला होता.

विहीणबाई आत पळाल्या. टेबलाखालून पोरीला ओढून बाहेर घेऊन आल्या. मी हात खाली घेतले तेव्हा पोर त्यांच्या कमरेवर होती.

पंधरा वर्षं मला याच गोष्टीची जळजळ आहे. सगळा राग तिथला आहे. शेरे, शनिवार, इंग्रजी, हे सगळं नंतरचं. आजी मी होते, आणि पोरीकडे धावली ती.

९. मैत्रेयी दर बावीस फेब्रुवारीला फुलांचे दोन गुच्छ आणते, एक त्यांना, एक मला, अगदी सारखे. मला वाटायचं, मला वाईट वाटू नये म्हणून आणते. ते फुलदाणीत ठेवताना मला फार अपमान वाटायचा.

गेल्या रविवारी चर्चहून आल्यावर मैत्रेयी माझ्या पायाशी बसून माझी नखं कापत होती. मी पाय आत ओढत होते.

"नगरआजी, तुझे नवातले किती?"

"नऊच्या नऊ उजेडाचे," मी म्हटलं. "बोटांकडे बघू नकोस."

ती हसली. मग म्हणाली, "टू मी, नाईन. तू दार धरलं नसतंस तर वी'ड बी डेड."

"कसलं दार?"

"भूकंपात. पुणेआजी सांगते ना. घर हलत होतं, दार अडकणार होतं, तू खांदा लावून ते धरलंस आणि ओरडलीस, 'मी धरते, तुम्ही पोरीला आणा.' मला तुझं पांढरं पातळ आठवतं. यू लुक्ड सो हॅपी, म्हणून मला भीती नाही वाटली."

माझं तोंड उघडंच राहिलं. तिला वाटलं नख लागलं.

१०. दुसऱ्या दिवशी विहीणबाई मटार सोलत होत्या. मी समोर बसले आणि सोलायला घेतले.

"विहीणबाई, पोरीला दाराचं काय सांगितलंत?"

"काय सांगितलं?"

"मी धरलं म्हणून."

त्यांनी मान वर केली नाही. "चार वर्षांची होती, आशाताई. रोज विचारायची, नगरआजी कुठं होती, आली का नाही. काहीतरी सांगायला हवं होतं."

"पण धडधडीत खोटं? मुख्याध्यापिका ना तुम्ही?"

"मग आता खरं सांगा की. मी कुठं अडवलंय तुम्हाला?" आणि माझ्या पुढ्यातली टरफलं आपल्या ताटलीत ओढून घेतली. "आणि दाणे शेंगेतच ठेवताय. नीट बघा जरा."

पंधरा वर्षं एका भिंतीपलीकडे राहून या बाईनं हे कुणाला बोलून दाखवलं नाही. मलासुद्धा नाही. खोटं बोलण्यातही तिनं मला मागं टाकलं. याचाही मला हेवाच वाटला, आणि तोही इथं लिहून ठेवते.

११. तर शपथेवर लिहिते. मी दार धरलं नाही. मी ओरडले नाही. मी आकाशाकडे बघत होते. मैत्रेयी, तुला आणलं ते पुणेआजीनं, एकटीनं. हे तुला माझ्या तोंडानं सांगायचं धाडस मला झालं नाही. रोज ठरवते आणि चहा ठेवायला उठते. मी जिवंत आहे तोवर बावीस फेब्रुवारीची फुलं मी घेत राहणार आहे. माझ्या नवातले अंधाराचे भाग किती, ते तू यावरून मोज. बोटांवरून मोजू नकोस.

१२. सात नंबरच्या जागी असं. माझं पवित्र शास्त्र सुनेत्रा लिमये यांना त्यांच्या हयातभर द्यावं. त्यांच्या पश्चात ते मैत्रेयीचं. माझं अक्षर मैत्रेयीला लागत नाही, ते पुणेआजीलाच लागतं. तेव्हा त्यांनी दर शनिवारी तिला समासातली टिपणं वाचून दाखवावीत. शुद्धलेखन सुधारू नये.

मागच्या पानावर दोन रांगा आहेत. तिथं विहीणबाईंना आपलं नाव दिसेल. खोडायला रबर शोधलं, मग म्हटलं, असू दे, काय होतं ते कळू दे. त्याखाली मी माझं नाव लिहिलंय. उजेडाची रांग पूर्ण पुसून टाकली आहे, ती ज्याची त्यानं भरावी.

१३. मला माती देताना पांढरं पातळ नेसवावं, ज्याच्या काठाला तो करडा चिखल लागलाय आणि निघालेला नाही तेच. शेवट आलाच तर मला ओळखायला सोपं जाईल.

दोन नंबरमधलं साक्षीदाराचं एक नाव मी बदलत आहे. वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे खाडाखोडीशेजारी आमच्या तिघांच्या सह्या आहेत. सुनेत्राताईंना काल सांगितलं, तुमची सही नको. त्या फार रागावल्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षं दाखल्यांवर सह्या केल्यात मी. माझ्या सहीत काय खोट आहे, आशाताई?" मी कारण सांगितलं नाही. मी गेल्यावर त्यांना कळेल. त्यांचं तोंड कसं होईल ते बघायला मी नसेन, एवढीच चुटपुट.

स्थळ: सँडरिंगहॅम, ऑकलंड
दिनांक: १४ मार्च २०२६, शनिवार. पलीकडे दोघींचं वाचन चालू आहे, इथं ऐकू येतंय.

सही: आशालता काशिनाथ भिंगारदिवे

आम्हा दोघांच्या समोर, एकाच वेळी, सही केली:
साक्षीदार १: रमण वाघोलीकर, वाणसामानाचे दुकान
साक्षीदार २: विभावरी ओहोळ, नर्स, मागच्या घरातली. हिला मी काहीही देत नाही, बिचारीला.