दीड गुंठा, मुलुंडपासून जवळच

१२ जानेवारी, रविवार

बिल्डिंगच्या बोर्डवर नोटीस लागली. रिडेव्हलपमेंट मंजूर, मेअखेर जागा खाली करा. मालकांना नवे फ्लॅट, भाडेकरूंना शुभेच्छा. आम्ही भाडेकरू.

जेवताना मी जाहीर केलं — आता भाड्याचं घर पुरे. स्वतःचं घ्यायचं, तेही खाली जमीन असलेलं. अंगण, एक आंबा, चार वांगी. आणि रोज मुलुंडच्या कंपनीत कामाला येता येईल इतकं जवळ. बायको, दीप्ती, वरण वाढत होती. म्हणाली, मुलुंडच्या जवळ जमीन आहे की, पण ती नॅशनल पार्कची, आणि तिथे बिबटे आधीच राहायला आलेत.

आई काहीच बोलली नाही. दोनदा भात घेतला.

१४ जानेवारी

ग्रिलमधलं मिरचीचं रोप वाळलं. मनी प्लांट तर दिवाळीतच गेला होता, जो म्हणे कुणाच्या बापाकडूनही मरत नाही. आणि मला आंबा लावायचाय.

१९ जानेवारी

निलेश नावाचा एजंट मिळाला. फोनवर म्हणाला, ‘स्टेशनपासून दहा मिनिटं, रिव्हर टच.’ दहा मिनिटं म्हणजे त्याच्या बुलेटवर, आणि रेल्वेचं फाटक उघडं असेल तर. पुढे एक माळ. चुन्याने आखलेले चौकोन, मध्ये एक म्हैस. नदी कुठे विचारलं, तर म्हणाला पावसाळ्यात येते. टच पण तेव्हाच होत असणार — घराला.

मी मात्र चौकोनात उभा राहून फोटो काढून घेतला. म्हैसही आलीय त्यात. जास्त मालकासारखी तीच दिसतेय.

२६ जानेवारी

नवीन शिकलो. शेतजमीन घ्यायची तर आपण आधीच शेतकरी असावं लागतं, तसा दाखला लागतो. निलेशने विचारलं, गावाला थोडीफार असेलच ना? नाही. हिंगोलीकडे आमच्या सात पिढ्या शेतात राबल्या, पण सगळं शेत दुसऱ्यांचं. म्हणजे आम्ही शेतात होतो, शेतकरी नव्हतो. हे त्याला समजावून सांगताना मलाच हसू आलं. मग तो म्हणाला, गावठाणातलं घर बघू, त्याला दाखला लागत नाही.

२ फेब्रुवारी

आई आज बोलली. मी यूट्यूबवर परसबागेचा व्हिडिओ लावला होता. गांडूळखत वगैरे. तिने तो बंद करायला लावला.

मग सांगत बसली. लहानपणी तुरीची कापणी झाली की मालक धसकटं न्यायला द्यायचा, सरपणासाठी. ती उपटताना पाय फाटायचे. आजी जखमेत हळद भरायची आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवायची. त्या मातीतून सुटून ती मुंबईला आली, म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात आया म्हणून लागली, वॉर्डात उभं राहून जन्म काढला, मला शिकवलं. आणि आता मी तिला परत मातीत नेणार म्हणतो.

‘तुला मातीची हौस आहे, कारण तू कधी मातीत राबला नाहीस,’ ती म्हणाली. ‘मला लिफ्ट पाहिजे. नळाला पाणी पाहिजे. बस.’

मी फोन खिशात टाकला. गांडूळखताचं चॅनल मात्र सबस्क्राइब केलेलंच ठेवलं. निर्लज्ज माणूस.

१६ फेब्रुवारी

सापडलं!

वासिंदच्या पुढे एक गाव. दोन खोल्या, पुढे पडवी, वर कौलं, मागे शेवगा. मालक राजारामकाका, साठीच्या पुढचे, मुलाकडे नाशिकला चाललेत. इतकी गोड माणसं — काकूंनी चहा दिला, निघताना शेवग्याच्या शेंगा दिल्या. काका मला सारखे ‘साहेब’ म्हणत होते. मी एका व्हॉल्व्हच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो, हे सांगायची मला अजिबात घाई झाली नाही.

दीप्तीची लॅब घाटकोपरला. तिने तिथपर्यंतच्या प्रवासाचा हिशेब केला आणि कपाळाला हात लावला. पण परत येताना तीच म्हणाली, पडवीत झोपाळा बसेल.

पुढच्या रविवारी टोकन द्यायचं ठरलं. आईलाही येच म्हटलं. ती म्हणाली, येते, पण मत बदललंय असं समजू नकोस.

२३ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

आई, दीप्ती, मी, आणि पेढ्याचा बॉक्स. काका हसून पुढे आले. चहा आला. काकांनी कागदावर लिहायला पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं — प्रबुद्ध, वडिलांचं नाव, आडनाव. पेन थांबलं.

‘म्हणजे तुम्ही कुठले?’

हिंगोलीचे, म्हटलं.

‘नाही, ते ठीक. पण म्हणजे...’

त्या ‘म्हणजे’चा अर्थ मला पहिल्या झटक्यात कळला होता. तरी मी काय करावं? मी त्यांना हिंगोली जिल्हा परभणीतून कधी वेगळा झाला ते सांगायला लागलो. तालुकेसुद्धा सांगितले. असला हुशार मी.

आईने कप खाली ठेवला. ‘आम्ही बौद्ध,’ ती म्हणाली.

काका आत गेले. आत काकूंशी हळू आवाजात काहीतरी झालं. बाहेर येऊन म्हणाले, धाकट्या भावाची सही लागेल, त्याला विचारून कळवतो. आमच्याकडे न बघता शेवग्याकडे बघून म्हणाले. काकू परत बाहेर आल्याच नाहीत.

रिक्षात बसलो. पेढे माझ्या मांडीवर. आसनगावकडून येणारा एक ट्रक रस्ता अडवून उभा होता, तेव्हा आईने बॉक्स उघडला, एक खाल्ला, एक दीप्तीला दिला, एक रिक्षावाल्याला.

२४ फेब्रुवारी

निलेशचा फोन. पार्टीचा विचार बदलला, भाऊबंदकीचं मॅटर आहे, मनावर घेऊ नका. मी ‘थँक यू’ म्हणालो. थँक यू! फोन ठेवल्यावर स्टोअरच्या खिडकीत उभा राहून मी स्वतःला अशा शिव्या दिल्या की समोरचा वेल्डर काम थांबवून बघायला लागला.

२६ फेब्रुवारी

दीप्ती म्हणते तक्रार करू. कशाची करणार? त्यांनी तर चहा पाजला.

२ मार्च

माझ्याकडून शोध बंद. डोंबिवलीच्या पुढे टॉवरमध्ये वन बीएचके बघून आलो, सतरावा मजला. दोन लिफ्ट. बाल्कनीत एक कुंडी मावेल, म्हणजे एका रोपाचा खून करता येईल. आईसाठी योग्य आहे, असं मी फार समंजस चेहऱ्याने घरी सांगितलं.

आई शेंगदाणे निवडत होती.

‘त्या माणसाने नाही म्हटलं, म्हणून मी सतराव्या मजल्यावर जाऊन बसू?’

मी म्हटलं, अगं, लिफ्ट तूच मागितलीस.

‘मला माती नको होती ती माझ्या मनाने. त्याने नको म्हटलेलं मी का ऐकू?’ ताट बाजूला सारलं तिने. ‘जमीनच घ्यायची. आणि आता तू बघू नकोस. मी बघते.’

दीप्तीने माझ्याकडे बघितलं. मी शेंगदाण्यांकडे.

९ मार्च

आईने दोन दिवसांत जेवढे फोन केले तेवढे मी वर्षात करत नाही. निवृत्त आया, विहारातल्या बायका, त्यांच्या नणंदा. निलेशकडे बुलेट आहे, आईकडे महाराष्ट्र आहे.

२३ मार्च

आसनगावहून रिक्षाने आत. भीमराज गुरुजी, निवृत्त शिक्षक, मुलीकडे चाललेत. दीड गुंठा गावठाण, पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, दारात हातपंप, लहानशी पडवी. सौंदर्य म्हणाल तर शून्य. मला त्या शेवग्याची आठवण येत होती आणि त्याची लाजही वाटत होती.

आई घरात गेलीच नाही आधी. कुंपणाला फेरी मारली. पावसाचं पाणी कुठून कुठे जातं ते विचारलं. शेजारणीला हाक मारून हातपंप उन्हाळ्यात आटतो का विचारलं. मग चप्पल काढली आणि एका कोपऱ्यात टाचेने उकरून पाहिलं. तिच्या पायाची भेगाळलेली टाच मी रोज बघतो. आज पहिल्यांदा नीट बघितली.

गुरुजींनी आमचं आडनाव विचारलं नाही. आईनेच त्यांना विचारलं, त्यांच्या वडिलांपर्यंत. आणि मग भाव पाडला. मी मध्ये बोलायला गेलो तर म्हणाली, ‘तू पंप मारून बघ.’ मी पंप मारला.

११ एप्रिल

रजिस्ट्रेशन झालं. माझं थोडं कर्ज, दीप्तीचे दागिने, आईचा फंड. नाव मात्र एकटीचं — आईचं. दीप्तीनेच सुचवलं. आईने सही करायला वेळ घेतला, प्रत्येक अक्षर वेगळं. मागे रांग होती. रांग थांबली.

बाहेर येऊन तिने उसाचा रस पाजला आणि म्हणाली, आता आंबा लाव तुझा.

१८ मे

राहायला आलो.

२५ मे

आंब्यासाठी खड्डा खणला. अर्धा. कंबर धरली. उरलेला अर्धा आईने खणला आणि मला झेंडू बाम लावला.

८ जून

मी हरलो. स्वच्छ लिहितो. पहाटे रिक्षा, मग गाडी, मग पुन्हा रिक्षा, आणि संध्याकाळी तेच उलटं. गुरुवारी मी स्टोअरमध्ये गॅस्केटच्या पोत्यावर झोपलो आणि सुपरवायझरने माझ्यासकट पोती मोजली. दीप्तीला लॅबमध्ये उशिराचे दोन मेमो. आम्ही दोघं एकमेकांशी फक्त ‘डबा घेतलास का’ एवढंच बोलतो. जमीन अंधारात सोडायची, अंधारात परत यायचं. अंगण मी रविवारीच बघतो, तेही झोपेत.

आईला कसं सांगायचं, यावर आठवडा घालवला. आज सांगितलं की सोमवार ते शनिवार मुलुंडला एक खोली भाड्याने घ्यावी म्हणतो. ती वाफ्यात बसली होती. वांगी लावली आहेत — चार नाही, अठरा-वीस रोपं. मान वर न करता म्हणाली, ‘जा की. मी कुठे म्हटलं होतं तुम्ही इथे राहा म्हणून.’

२९ जून

मुलुंड. खोली. पुन्हा भाडेकरू.

१३ जुलै

आईचा फोन. पुढच्या रविवारी येणार असाल तर पडवीत झोपावं लागेल, बाहेरची खोली तिने दिली. गावातल्या शाळेत श्रुतिका नावाची नवी शिक्षिका लागलीय, एकटी बाई म्हणून तिला कुणी जागा देत नव्हतं. ‘दिली मी,’ म्हणाली. मला विचारलं नाही. का विचारेल? घर तिचं आहे.