फोटोतला माझा शर्ट

दि. ९, रविवार, दुपार

प्रिय,

नाव लिहीत नाही. पत्र तुझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर टाकतोय, पण तिच्या घरीही चौकस माणसं कमी नसतील. तू बरी असशील. मी बरा आहे. ताई आणि तिन्ही मुलं जेवून झोपली आहेत, म्हणून घरात पंख्याचा आवाज ऐकू येतोय. एरवी तो चालू आहे की बंद हे मान वर करून बघावं लागतं.

फोन सोडून पत्र कसलं लिहितो म्हणून हसशील. फोनवर मी चिडतो, मग तू गप्प होतेस, मग तू गप्प का म्हणून मी आणखी चिडतो. कागदावर चिडायला फार वेळ लागतो. अर्ध्या ओळीत राग निवतो आणि मग पुढे काय लिहायचं ते सुचत नाही.

काल फोटोच्या दुकानात ताईने माझ्या बॅगेची चेन ओढली. माझं सगळं फिरलं ते तिथे.

चारच्या गाडीचं मी लिहिणार आहे. टाळत नाही. पण आधी काल सकाळपासूनचं ऐक.

तुला माहीत आहे, कॉलेज अर्ध्यात टाकून, बाबांशी कडाक्याचं भांडून मी ताईकडे आलो तो इथेच राहिलो. भाऊजी लांब पुलाच्या कामावर, महिन्याने येणार. ताईला आठवा चालू आहे. तीन मुलं आधीची. मोठी ती मास्तरीण, सात वर्षांची, ती श्वास घेतानासुद्धा कुणालातरी काहीतरी शिकवत असते. मधला लोंबत्या. त्याला जमिनीवर उभं राहायला आवडत नाही; दार, खिडकी, माणूस, जे हाताला लागेल त्याला लटकतो. धाकटी ढमी, दोन वर्षांची, तिच्याबद्दल नाव पुरेसं आहे.

आणि आपलं ठरलं होतं की शनिवारी चारच्या गाडीने निघायचं. तिकडे माझ्या मित्राच्या गॅरेजात मला काम, त्याच्या बहिणीकडे तुझी सोय, मग लग्न, मग घरच्यांना कळवायचं.

त्याच शनिवारी ताईने फोटो काढला. त्यांच्या घरात ही एक पद्धत आहे: नवीन मूल यायच्या आधी, आहेत तेवढ्यांचा फोटो, पोटातल्यासकट. भाऊजी तो कामावरच्या खोलीत लावतात. ताई म्हणाली, “मुलं सांभाळायला चल, मला वाकता येत नाही.” मी म्हटलं चला, फोटो होईल, यांना बसमध्ये बसवून देईन आणि ‘जरा जाऊन येतो’ म्हणून तिथूनच सटकेन. म्हणून माझी बॅग बरोबर घेतली. दाराला कुलूप मीच लावलं.

जिना उतरताना ताईने विचारलं, “बॅग घेतलीस ना?”

“घेतली.”

ती विचारत होती मुलांच्या कपड्यांच्या बॅगेबद्दल. ती खुंटीला तशीच राहिली.

बसमध्ये लोंबत्या दांडीला लटकला आणि उतरेना. त्याची बोटं सोडवायला दोन माणसं लागली. ढमीने एक बूट खिडकीतून खाली टाकला आणि दुसराही टाकायचा म्हणून रडायला लागली. ताईच्या शेजारी एक बाई होती, तिने कौतुकाने विचारलं की पोटात बाळ आहे का. मास्तरणीने खणखणीत उत्तर दिलं, “आईच्या पोटात बाळ आहे आणि मामाच्या डोक्यात एक मुलगी आहे. आई म्हणते दोन्ही बाहेर आल्याशिवाय घरात झोप नाही.” सगळी बस हसली. मी कंडक्टरकडे रागाने बघितलं. त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं.

फोटोचं दुकान वरच्या मजल्यावर, खाली रसवाला. वर नंबर लागेपर्यंत मुलांना गप्प बसवायला रस घेतला, तेच चुकलं. ढमीने पेला दोन्ही हातांनी नीट धरला आणि गळ्यापासून पायापर्यंत अंगावर ओतला. अगदी शांतपणे, आंघोळ करावी तसा.

“बाई, चटकन करा,” फोटोवाले काका म्हणाले. “मागे पासपोर्टवाले थांबलेत.”

“बॅग दे,” ताई म्हणाली.

“मी काढतो.”

“तुला काय कळतंय कुठला फ्रॉक ते. दे इकडे.”

तिने माझ्या हातातून बॅग घेतली, स्टुलावर ठेवली आणि चेन ओढली. वर तो निळा शर्ट, तू निवडलेला. खाली दोन पँटी, टॉवेल, दाढीचं सामान, मार्कलिस्टा. ताईने एकेक वस्तू बोटाने बाजूला करून पाहिली. मला वाटलं आता ही ओरडेल. मी तर ओरडायची तयारीच करून बसलो होतो. माझी उत्तरं तोंडाशी होती, आठवडाभर घोटलेली.

मास्तरीण मध्ये डोकावली. “मामा, तुझे कपडे का आणलेस? तुझा पण फोटो आहे?”

“हो,” ताई म्हणाली. “त्याचा पण आहे.”

मग तिने ढमीचा चिकट फ्रॉक उतरवला, निळा शर्ट तिच्या डोक्यातून घातला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि कमरेला आपला रुमाल बांधला. शर्ट ढमीच्या पावलांपर्यंत आला. खरं सांगू, तिला तो माझ्यापेक्षा बरा दिसत होता.

“ये, मागे उभा राहा,” ताई मला म्हणाली. आवाजात काही नव्हतं. मी उभा राहिलो.

“साहेब, जरा हसा की,” काका म्हणाले. “बायकोमुलांबरोबर फोटो आणि असं तोंड?”

“मी मामा आहे.”

“मग तर हसाच. खर्च दुसऱ्याचा.”

तेवढ्यात लोंबत्या मागच्या पडद्याला लटकला. त्या पडद्यावर रंगवलेला धबधबा होता. तो अख्खा धबधबा दांडीसकट आमच्या अंगावर आला. काकांनी नेमकं तेव्हाच बटण दाबलं होतं. दुसरा, तिसरा, चौथाही काढला त्यांनी, सगळे जण शहाण्यासारखे बसलेले. पण ताईने पहिलाच निवडला. म्हणाली, “त्यांना घर कसं चाललंय ते कळू दे.”

खाली उतरताना, अर्ध्या जिन्यात, तिने कठडा धरला आणि खालीच बसली. डोळे मिटलेले. ओठ पांढरे.

मी ओरडायला लागलो: गाडी बोलवा, डॉक्टर कुठे आहे, वर जाऊन फोटोवाल्याला तुमच्या पायऱ्या इतक्या उंच का म्हणून दम दिला. मास्तरणीने माझा हात ओढला. “मामा, गप्प. आईशी आत्ता बोलायचं नसतं. ही खोटी कळ आहे, डॉक्टरीणबाईंनी मला पण सांगितलंय. थांबली की बरी असते.” लोंबत्या पहिल्यांदाच कशालाही न लटकता उभा होता. ढमी शर्ट सावरत आईच्या मांडीशी जाऊन टेकली.

मला तेव्हा जे वाटलं ते मी तुला कधी समजावू शकणार नाही. हे घरी झालं असतं, मी नसताना, तर? मास्तरीण होती म्हण. सात वर्षांची.

ताईने डोळे उघडले. “गेली,” म्हणाली. तोंडावर परत रंग आला. तिथेच बसून तिने विचारलं, “गाडी कधीची आहे?”

“कसली गाडी?”

“त्या बॅगेतल्या शर्टाची.”

मी सांगितलं.

“तिला विचारलंस?”

“विचारलं.”

“काय म्हणाली?”

“हो म्हणाली.”

ताई माझ्याकडे बघत राहिली. लहानपणापासून मला खोटं बोलताना ती अशीच बघते, पकडत नाही, नुसती बघते. मग म्हणाली, “जा. मी अडवणार नाही. अडवून ठेवलेला माणूस घरात नुसती भांडी आपटतो. आम्हाला बसमध्ये बसवून दे आणि जा. शर्ट मात्र राहू दे, हिच्या अंगात दुसरं काही नाही. धुवून पाठवीन.”

बसवून दिलं. लोंबत्या माझ्या गळ्यातून निघेना. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा निघाला.

आता गाडीचं.

मी स्टँडवर आलो होतो. वेळेच्या बऱ्याच आधी. तू नव्हतीस. गाडी लागली तेव्हाही नव्हतीस.

यात रागाचा एक शब्द नाही, पुढचं वाच. मी खांबाच्या मागे उभा होतो. बराच वेळ उभा राहिल्यावर ते माझ्या लक्षात आलं. वाट पाहणारा माणूस खांबाच्या मागे उभा राहत नाही ना, पुढे येऊन टाचा वर करतो. मी लपलो होतो. तू आलीस तर तुला दिसू नये म्हणून. मनात एकच चाललं होतं: येऊ नकोस, आज येऊ नकोस.

कंडक्टर म्हणाला, “येताय का? जागा आहे.”

“एक जण यायचंय.”

“मग फोन करा की.”

फोन खिशात होता. मी केला नाही.

गाडी सुटली. मी राग यायची वाट बघत बसलो. तुला माझा राग माहीत आहे, त्याला बोलवावं लागत नाही. तो आलाच नाही. भूक लागली. छातीवरून कुणीतरी पोतं उतरवून घ्यावं तसं हुश्श झालं, आणि त्याची मला इतकी लाज वाटली की मी बाकावर बसून उगाच बुटाची लेस सोडून परत बांधली. खिशात हात घातला तर घराची किल्ली. माझ्याच खिशात. ती आधी सापडली असती तर आज तुला मी हेच कारण दिलं असतं, की किल्लीसाठी परत जावं लागलं. पण ती गाडी गेल्यावर सापडली, तेव्हा ते कारण चालणार नाही.

धावत घरी आलो. ताई दारासमोर पायरीवर बसलेली, पाय शेजारणीने दिलेल्या उपड्या बादलीवर. ढमी निळ्या शर्टात झोपलेली. मास्तरीण लोंबत्याला केळं कसं सोलायचं ते शिकवत होती, तो कठड्याला लटकून शिकत होता.

“किल्ली,” ताई म्हणाली आणि हात पुढे केला.

आत गेल्यावर विचारलं, “आली नाही?”

“नाही.”

“आणि तुला जायचं होतं?”

मी वाकून बूट काढायला लागलो. ती म्हणाली, “बरं. बादलीत कोमट पाणी आण. पाय बघ माझे, उशा झाल्यात.”

तिला मी खोटं सांगितलं होतं, ते रात्री जेवताना कबूल केलं. तू कधीच हो म्हणाली नव्हतीस. गेल्या महिन्यात ‘बघू’ म्हणालीस, मंगळवारी ‘बघू या’ म्हणालीस, आणि गुरुवारी गप्प राहिलीस. मीच ते सगळं ठरलं म्हणून धरलं आणि तुला गाडीची वेळ कळवून टाकली. तू का आली नाहीस ते विचारणार नाही. एवढंच विचारतो, तुलाही काल हुश्श झालं का? झालं असेल तर सरळ लिही. मी दोन दिवस चिडेन. मग निवेन. हल्ली सराव होतोय.

माझं म्हणशील तर तू मला तेवढीच हवी आहेस, कालपेक्षा तसूभर कमी नाही. पण पळवून न्यायला नको. भाऊजी येईपर्यंत आणि ताई सुखरूप मोकळी होईपर्यंत मी इथेच आहे. आज सकाळी ताईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. बाळ ठणठणीत आहे, लाथा मारतंय. बाबांनाही फोन केला. आधी त्यांनी ताईच्या तब्येतीचं विचारलं. मग ते म्हणाले, “परीक्षेला बसू देतात का, विचारून बघतो.” त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. मी ‘बरं’ म्हणालो. माझ्या तोंडून तेही पुष्कळ.

टपालाची पेटी कोपऱ्यावरच आहे. मुलं उठायच्या आत टाकून येतो, नाहीतर तिघं बरोबर येतील आणि लोंबत्या पेटीला लटकेल. ढमीने झोपेत माझं बोट धरलं होतं, ते आत्ताच सोडवलं. चपला हातात घेतल्यात. तुझ्या उत्तराची घाई नाही, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय.

निघतो. दार हळूच ओढून घेतो.

मी