आमेननंतरचे अकरा सेकंद

दि. ११ जून
शनिवार, सकाळ

प्रिय ताई,

तुझ्या अळीचा सप्रेम सलाम.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर मला बोलता येत नाही आणि तू तो उचलत नाहीस, तेव्हा आपल्या दोघींच्या सोयीचा कागदच उरतो.

इकडे सर्व ठीक आहे. पप्पांना कानाचे यंत्र बसवले. पहिल्याच दिवशी त्यांनी तक्रार केली की आई घरात इतकी बोलते, हे आपल्याला तीस वर्षांत कोणी सांगितले नाही. आई म्हणाली, “सांगत होते की मीच! तुम्हाला ऐकू येत नव्हतं.” तेव्हापासून ते यंत्र केवळ जेवताना आणि उपासनेत लावतात. आईचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो, मात्र आता त्याची हकिगत पप्पांना ऐकू जाते, एवढे तिला समाधान आहे.

माझे वाचनालयातले काम बरे चालले आहे. नव्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवते, जुन्यांची फाटकी पाने सांधते. कोणी काही विचारायला आले की अजूनही कपाटाआड जाते. ग्रंथपाल बाई परवा म्हणाल्या, “अगं, लोक पुस्तकं मागायला येतात, तुला मागणी घालायला नाही.” सगळे हसले. मीही हसले, कपाटाआडूनच.

तुझ्या जुन्या खोलीत सर्व तसेच आहे. कपाटाच्या दारामागचा, आपल्या रोज सकाळच्या ध्वनिमुद्रित प्रार्थनांचा तक्ता मात्र मी काल काढला.

त्या तक्त्याचा मला किती अभिमान होता, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक नाही. सोमवारी महिन्याची वचने निवडायची. मंगळवारी आणि बुधवारी मी मजकूर लिहायचा, प्रत्येक भाग मोजून दोनशे तीस शब्दांचा, म्हणजे तुझ्या आवाजात बरोबर दोन मिनिटे. गुरुवारी तू श्वासाच्या जागी पेन्सिलीने रेघा मारायच्या. मग महिन्यातल्या दोन शनिवारी, एका बैठकीत पंधरा भाग. एकामागून एक वेगळे दिवस बोलायचे म्हणून तू मध्येच खिडकीपर्यंत चालून यायचीस आणि म्हणायचीस, “हं, आता सतरा तारीख. सतरा तारखेला मी जरा उदास आहे.” पलंगावर उभ्या केलेल्या दोन रजया, त्यांच्यामध्ये तू, कोमट पाण्याचा पेला, आणि दारावर पप्पांच्या सुवाच्य अक्षरातली पाटी: ‘रेकॉर्डिंग चालू आहे. खोकू नये.’ त्या पाटीपाशी उभे राहून सर्वांत जास्त खोकले तेच. गुरगुर नको म्हणून आपण फ्रिज बंद करायचो, आणि एकदा तो लावायला विसरलो तेव्हा आईने नासलेले दूध आपल्यासमोर आणून ठेवले होते. म्हणाली, “घ्या. ही तुमच्या ‘दोन मिनिटं देवापाशी’ची दक्षिणा.”

आणखी एक ती नेहमी म्हणायची. तीस तारखेची प्रार्थना दहा तारखेला करून ठेवतो, हे तिला कधी पटले नाही. “तीस तारखेला काय होणार आहे, ते तुम्हाला आजच कळलंय होय गं? देवालासुद्धा रांगेत उभं केलंत तुम्ही.” मी तिला समजावले होते की आई, ऐकणाऱ्याला ती त्याच सकाळी मिळते ना, मग झाले. माझे म्हणणे तर्काला धरून होते. माझे म्हणणे नेहमीच तर्काला धरून असते.

तुला दिवस गेले तेव्हा मी तक्ता आणखी लांबवला. बाळंतपणात तुझ्या घशाला आणि जिवाला विश्रांती मिळावी म्हणून आपण तीन महिने पुढचे भाग करून ठेवायचे ठरवले. चार शनिवारांत नव्वद भाग! पाळकसाहेबांनी मंडळीसमोर आपले कौतुक केले, तुला आठवत असेल. “या मुलींकडून नियोजन शिका,” असे ते म्हणाले आणि मी मान वर केली नाही.

इथवर मजकूर नीट उतरला आहे. तूच म्हणायचीस की अळीची वाक्ये फार नीट होऊ लागली की समजावे, ती काहीतरी लपवते आहे. चहा घेऊन येते.

•

दुपार झाली. चहा मघाशीच संपला होता. मी उगाच वाचनालयातून आणलेली दोन पुस्तके सांधत बसले.

कालच मी तक्ता का काढला, ते आधी सांगते. गेल्या सोमवारपासून ‘दोन मिनिटं देवापाशी’ पुन्हा सुरू केले आहे. तू रागावू नकोस. तुझ्या आवाजातले उरलेले एकेचाळीस भाग मी लावलेले नाहीत, लावणारही नाही. मी स्वतः बोलते. होय, मीच. पहाटे उठून त्या दिवसापुरते लिहायचे, सहाच्या आत बोलायचे आणि तसेच सोडायचे. पुढचे काही तयार नसते. आई शेजारी पाटावर बसते. पहिल्या दिवशी माझा आवाज इतका कापत होता की ती म्हणाली, “थंडी वाजतेय असं वाटेल लोकांना. पण असू दे. ताजी आहे.”

त्याच दिवशी त्या भागाखाली एका बाईंनी लिहिले: ‘नवीन ताईंचा आवाज गोड आहे. आधीच्या ताई कुठे आहेत? त्यांचं बाळ आता रांगत असेल ना?’

मी ती ओळ पुसली नाही, उत्तरही दिले नाही. पाळकसाहेब म्हणतात, मंडळीच्या वतीने ते चार शब्द लिहितील. मी त्यांना नको म्हटले, तोंडावर, कपाटाआड न जाता. ते उत्तर कोणी द्यावे आणि द्यावे की नाही, हे केवळ तू ठरवायचे आहेस. पण तुझ्याकडे ते मागण्यापूर्वी मला एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती कळल्यावर कदाचित तू या पत्राला उत्तर देणार नाहीस. हे धरूनच लिहिते आहे.

तुला ठाऊक असलेलेच क्रमाने लिहिते, कारण मधली एक पायरी तुला ठाऊक नाही.

मंगळवारी आपले बाळ गेले. गुरुवारी सकाळी तू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, भाऊजी चहा आणायला खाली गेले होते आणि मी स्टुलावर होते. सव्वासहाला त्या बुटक्या, हसऱ्या परिचारिका आल्या. त्यांनी पडदा सारला, तुझा रक्तदाब पाहिला आणि आपला फोन तुझ्या उशाशी ठेवला. “रोज सकाळी ऐकते मी हे. दोनच मिनिटं. तुम्हालाही बरं वाटेल बघा.” आणि तुझाच आवाज त्या खोलीत बोलू लागला. देवाने तुझ्या पोटी दिलेल्या जिवाबद्दल तू त्याचे आभार मानत होतीस. परिचारिका म्हणाल्या, “तुमचा आवाज किती मिळताजुळता आहे हो हिच्याशी!” मग आमेन झाले. आणि आमेननंतर तुझे ते हसू: “आमेन म्हटलं की लाथ मारतंय गं हे! अळी, हात आण, हात आण इकडे!”

तू माझ्याकडे वळलीस. रडली नाहीस. “बंद कर,” एवढेच म्हणालीस. आठ महिने झाले, तुझ्याकडून मी ऐकलेले शेवटचे शब्द तेच आहेत.

मी सर्वांना सांगितले, मी विसरले. धावपळीत तो भाग लावून ठेवला आहे हेच विसरले. आईने तुला तेच कळवले, भाऊजींनीही तेच मानले. “पोरगी तीन दिवस झोपलेली नाही, विसरणारच,” असे म्हणून पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी ठेवू दिला.

ताई, मी विसरले नव्हते.

बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास तुला झोपेचे इंजेक्शन दिले होते. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि मला तक्ता आठवला. गुरुवारच्या चौकटीत काय आहे, ते मला पाठ होते. मी फोन उघडला. भाग समोर होता, सकाळी सहाची वेळ लागलेली. शेजारी लिहिले होते, ‘काढून टाका’. मी बोट ठेवले. मग वाटले, एकदा ऐकावे. कानाला लावून ऐकला, हसण्यापर्यंत.

त्या भागाची दुसरी प्रत नव्हती. भाग लावून झाला की मूळ फाइल पुसायची, म्हणजे जागा अडत नाही, हा माझाच नियम. तक्त्याच्या तळाशी लाल शाईने मीच लिहिलेला. म्हणजे मी बटण दाबले असते तर तुझ्या हसण्याचे ते अकरा सेकंद जगातून गेले असते. बाळाचा एकही फोटो नव्हता. नाव नव्हते. त्याने काही केले आणि कोणी त्याला हसून दाद दिली, याची तेवढीच एक खूण होती, आणि ती माझ्या अंगठ्याखाली होती. मला दाबवेना. संध्याकाळी पाहू, असे म्हणून फोन पिशवीत टाकला. संध्याकाळी तू उठलीस, माझा हात धरून ठेवलास आणि सोडला नाहीस. मी पिशवीकडे एकदा पाहिले. हात सोडवून घेतला नाही. त्यानंतर मात्र खरोखरच विसरले. आधीचे मात्र विसरणे नव्हते.

गुरुवारी सकाळी बटणे दाबताना तिथेच खाली दुसरा शब्द दिसला: ‘लपवा’. तोच दाबला. आदल्या दिवशीही तो तिथेच होता. मी वर्गात कधी दुसरी आले नाही, ताई, आणि मी खालची ओळ वाचली नाही.

आणखी एक. हे सर्वांत लहान आहे आणि लिहायला सर्वांत जड. ते हसू भागात ठेवण्याआधी मी तुला विचारले नव्हते. इतर प्रत्येक भाग मी आमेनपाशी कापला. हा कापला नाही. तुझे हसू मला आवडले हे खरे, पण तेवढेच खरे नाही. मला वाटले, लोकांना हे फार आवडेल. हा भाग सर्वांत जास्त ऐकला जाईल. तुझ्या पोटातल्या हालचालीकडे मी दोनशे तीस शब्दांवर मिळालेल्या चांगल्या शेवटासारखे पाहिले. प्रभूपाशी याची कबुली मी दिली आहे. पण त्याच्यापाशी बोलणे मला सोपे जाते, तो समोर बसून माझ्याकडे पाहत नाही. तुझ्यापाशी बोलायला आठ महिने लागले.

भाऊजी म्हणतात की तू रविवारी उपासनेला जात नाहीस, घरी प्रार्थनेला बसत नाहीस. त्यावर मी काहीही म्हणणार नाही. तुझ्या तोंडी शब्द घालायचे काम मी पुरेसे केले आहे.

सोबतच्या लहान पाकिटात एक मेमरी कार्ड आहे. त्यावर एकच फाइल आहे. बाकी सर्व ठिकाणांहून मी ती काल काढली. या वेळी प्रत घेऊन, खालच्या ओळीही वाचून. आता ती केवळ तुझ्या हातात आहे. ऐक, न ऐकता ठेव, किंवा मोडून टाक. बुधवारी तो निर्णय तुझा होता आणि मी तो माझ्या पिशवीत ठेवला. परत करते आहे.

रांगण्याबद्दल विचारणाऱ्या त्या बाईंना काय सांगायचे, ते तू कळवशील तेच आणि तेवढेच मी लिहीन. काहीच कळवले नाहीस तर ती ओळ उत्तरावाचून तशीच राहील. मी रोज ती वाचते. त्या बाईंना अजूनही वाटते की ते रांगत असेल. कुठेतरी कोणाला तसे वाटते आहे, याने मला दर सकाळी रडू येते आणि बरेही वाटते. तुला काय वाटेल ते मला ठाऊक नाही, म्हणून विचारते आहे.

एक शेवटचे. रोज सकाळी आमेन म्हटल्यावर मी रेकॉर्डिंग लगेच बंद करीत नाही. अकरा सेकंद चालू ठेवते. त्यात काहीच नसते. पहिल्या दिवशी आईला वाटले मी बटण विसरले. तिने हात पुढे केला, मग माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तो मांडीवर परत घेतला. आता ती ते सेकंद ओठांनी मोजते. पप्पा दाराबाहेर उभे असतात, यंत्र कानात लावून. खोकत नाहीत.

पाटी अजून दारावर आहे. रजया जागेवर आहेत. पेला धुऊन ठेवला आहे. बोलण्यासाठी म्हणत नाही. नुसती ये.

तुझी धाकटी,
जी विसरली नव्हती,
अळी