मोहफुलांवर चाललेली मोटार

बाबूजी, काल नातवानं मला पेपर वाचून दाखवला. बारीक अक्षर आता मला दिसत नाही, म्हणून दुपारचं जेवण झालं की तो वाचतो आणि मी सुपारी कातरत ऐकते. सरकारचं धोरण आहे म्हणे, सगळ्या देशासाठी. शेतात पिकतं त्यातून गाड्यांचं तेल काढायचं, तेलासाठी परक्या देशापुढे हात पसरायचा नाही. नातू खुशीत होता. "आजी, सोचो, अपने धान पे गाडी चलेगी!" गोंदियात वाढलेला पोरगा, त्याला आनंद झाला की तो हिंदीतच होतो. मी म्हटलं, "त्यात नवीन काय? माझ्या बाबूजींनी मोहफुलांवर चालवली होती." त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते. तो हसून उठून गेला आणि मी तिथेच बसून राहिले, तुमच्याशी भांडत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, भांडण मात्र जागचं हललेलं नाही. आज ते कागदावर काढते.

तेव्हा आपण भंडारा जिल्ह्यात मोडायचो आणि सौंदडला स्टेशनाजवळ राहायचो. गोंदियाच्या एका शेठची मोटार तुम्ही सौंदडहून देवरीला न्यायचात. पुढे माणसं, मागे पोती, टपावर कोंबड्यांच्या टोपल्या. देवरीच्या रस्त्यावर तुम्हाला ओळखत नाही असा माणूस नव्हता. मग लढाई लागली. रंगूनचं तेल बंद झालं, पेट्रोल कुपनावर आलं, पुढे कुपन असूनही पेट्रोल मिळेना. शेठनं मोटार चिंचेखाली उभी करून ठेवली. तुम्ही रोज सकाळी जाऊन ती पुसायचात, बॉनेट उघडून बघायचात, बंद करायचात आणि घरी येऊन सगळ्यांवर तडकायचात. मायनं एकदा भाकर थापता थापता म्हटलं, "मोटार बसली तं तुमीबी बसून राहिले. धानाच्या बांधीत हात लावा ना जरा." तुम्ही ताट सरकवून उठलात. ड्रायव्हर माणूस चिखलात उतरणार नाही, हे त्या उठण्यात होतं.

आणि मग एक सरकारी साहेब आला. स्टेशनाच्या आवारात त्यानं गावोगावचे पाटील आणि बंद पडलेल्या मोटारींचे ड्रायव्हर गोळा केले. सरकारनं ठरवलंय, म्हणाला, या देशात पिकतं त्यातूनच मोटारीचं तेल काढायचं. उसाच्या मुलखात उसाच्या मळीतून, आपल्या मुलखात मोहातून. मोहफुलं सौंदडला जमा करायची, तिथून रेल्वेनं कारखान्यात जातील, तिथं त्यांचं स्पिरिट होईल. जो ड्रायव्हर फुलं जमवायला मदत करील त्याच्या गाडीला ते तेल आधी मिळेल. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात तेव्हा तुमचं तोंड उजळलेलं होतं. जेवताना तुम्ही मायला समजावत होतात. "फुलावर मोटार चालन, आयकतेस का? आपल्या जंगलातल्या फुलावर. विलायतेचं काई लागत नाई." माय म्हणाली, "मोह? मोह तं लोक खातेत." तुम्ही हसलात. "खाऊन खाऊन किती खातीन?"

माय त्या जंगलातलीच होती, म्हणून तिला ते हसणं लागलं. तिचं माहेर देवरीच्या पलीकडे, धानाच्या चार बांध्या आणि भोवती मोहाची झाडं. चैतात मी आजीमायकडे जायची. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असे आणि आम्ही टोपल्या घेऊन वेचत असू. उन्हात वाळवून ती फुलं बांबूच्या ढोलीत भरायची, वरून शेणामातीनं लिंपायचं. सणाला ती भाजून, जवस घालून त्यांचे लाडू व्हायचे. पण ती खरी ठेवलेली असायची आषाढ-श्रावणासाठी. घरचा तांदूळ संपत आला आणि नवा धान अजून शेतात हिरवा, त्या दिवसांत आजीमाय मोह उकडायची आणि सगळं घर तेच खायचं. गावात कोणी त्याला गरिबी म्हणत नसे. ते पावसाळ्याचं जेवण होतं.

हुकूम असा निघाला की घरापुरती एक टोपली ठेवायची, बाकीची फुलं सरकारला द्यायची. बदल्यात सौंदडहून तांदूळ मिळेल. लोकांनी ऐकून घेतलं आणि फुलं लपवली. शिपाई येऊन गेले, घरं बघून गेले, त्यांना टोपलीच दिसली. मी तेव्हा तिथेच होते, मामाच्या पोरांबरोबर. दोन-चार दिवसांनी मोटारीचा आवाज आला. साहेबानं दिलेलं थोडं पेट्रोल घालून तुम्ही आला होतात, मागे शिपाई आणि रिकामी पोती. मी धावत आले. आजीमायनं घाईनं पाय धुवायला पाणी आणलं. "जवाईबापू आले, खाट टाक व." तुम्ही खाटेवर बसला नाहीत. अंगणात उभं राहून म्हणालात, "मामी, मोह द्यावा लागन. सरकारी काम होये." सासूला तुम्ही मामी म्हणायचात. तिनं टोपली पुढे केली. तुम्ही टोपलीकडे बघितलं नाही. शिपायाला घेऊन घरात गेलात, मागच्या खोलीत, आणि धानाच्या ढोलीमागच्या कुडावर हात ठेवलात. "हे लिंपण ताजं हाये. याच्या मागं हाये."

बाबूजी, त्या कुडामागं दुसरी ढोली आहे हे तुम्हाला कसं माहीत होतं, ते मला माहीत होतं. दिवाळीला तुम्ही आला होतात, तेव्हा तिच्यातूनच फुलं काढून आजीमायनं तुमच्यासाठी लाडू केले होते. जावई म्हणून तुम्हाला त्या खोलीत बोलावलं होतं, ढोलीचं तोंड उघडायला तुम्हीच हात लावला होता.

मामा दाराशी उभा होता. आदल्या वर्षी आबकारीवाल्यांनी दारू गाळतो म्हणून त्याची हंडी फोडली होती आणि त्याला देवरीला नेऊन कोठडीत बसवलं होतं. तो म्हणाला, "भाऊजी, याच मोहापायी मायी हंडी फोडली ना? आमी पेलो तं गुन्हा, अन् मोटार पेली तं देशाचं काम?" तुम्ही म्हणालात, "तुले नाई समजत. हे देशाचंच काम होये. आज इंग्रज वापरून राहिला, उद्या आपल्याच कामी येईन." तुम्ही हे मनापासून म्हणालात. लबाड असतात तर मला सोपं गेलं असतं. पोती भरून झाली, तेव्हा आजीमाय मोटारीजवळ येऊन म्हणाली, "घेऊन जा, बापू. पन आखाडात आमी काय खावाचं, तेबी सायबाले इचारून सांगजा." तुम्ही मान डोलावलीत. मग तुम्ही गावातली बाकीची घरं दाखवलीत. जावई म्हणून सगळ्या घरांनी तुम्हाला जेवायला बोलावलेलं होतं, तुम्हाला सगळ्यांचे कुड ठाऊक होते.

मोह सौंदडला आला आणि स्टेशनाच्या आवारात पडला. रेल्वेचे डबे लढाईच्या मालाला लागले होते, आज येतील, उद्या येतील. वैशाखात गारांचा पाऊस झाला. पोत्यांवर झाकायला काही नव्हतं. ती भिजली, फुगली, आंबली. सगळ्या सौंदडचं त्या आंबूस वासानं डोकं उठलं. गावच्या गाई पोती फोडून खायच्या आणि रुळांवर झोकांड्या देत फिरायच्या, लोक बघून हसायचे. शेवटी खड्डा खणून सगळं त्यात लोटलं. साहेबाची बदली झाली. तांदळाचं कोणी नावही काढलं नाही. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "पुढच्या साली शेड बांधून राहिले." माय चुलीपुढे बसली होती. तिनं तुमच्याकडे वळून पाहिलं आणि परत चुलीत फुंकर घातली. त्यानंतर त्या घरात ती तुमच्याशी कामापुरतंच बोलली.

तो पावसाळा बाजारात तांदूळ नसलेला पावसाळा होता. आपल्याकडे रेशनचं थोडं यायचं. देवरीच्या जंगलात ते कोण नेणार? मायनं दोनदा निरोप पाठवला, घेऊन जा काही. मामा आला नाही. भादव्यात कुठून तरी, दुसऱ्या मुलखातल्या कारखान्यातून, स्पिरिटचे डबे आले आणि तुमची मोटार चालली. काय आनंद झाला होता तुम्हाला! तुम्हाला ती सासरी नेऊन दाखवायची होती. मायला म्हणालात, चल. ती म्हणाली, "मी त्या मोटारीत बसत नाई." तिनं घरातला होता तेवढा तांदूळ बांधायला घेतला, तोवर तुम्ही मला पुढे बसवून निघालातसुद्धा. देवरीला थांबून तुम्ही पोरांसाठी जिलेबीचा पुडा घेतलात. गावात शिरताना भोंगा वाजवलात, लांब, दोनदा. कोणी धावत आलं नाही. मला आधी वाटलं, गावात कोणी नाही. मग दारादारांत माणसं उभी दिसली.

आजीमाय ओसरीवर बसली होती. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तरी ती उठली, पाणी आणलं, म्हणाली, "जवाईबापू, बसा, जेवून जा." मी तिच्या मागे आत गेले. चुलीवर तरोट्याची भाजी शिजत होती, नुसती, पालापाला. मामाची बायको मडक्यात हात घालून तळ खरवडत होती. तो नखांचा आवाज मला अजून येतो. निघाले तेवढे तांदूळ तिनं धुतले. मी म्हटलं, "आजीमाय, आपल्याले?" ती म्हणाली, "चूप राय. जवाई घरून उपाशी नाई जात."

तुम्ही ओसरीवर पाटावर बसलात. ताटात पांढरा भात, बाजूला भाजी. तुम्ही जेवताना मोटारीचं सांगत होतात. पेट्रोलपेक्षा इंजिन थंड चालतं, धूर कमी, फक्त सकाळी चालू व्हायला जरा त्रास देतं. "मामी, तुमच्याच फुलावर चालून राहिली समजा," असंही म्हणालात. मामाची पोरं भिंतीला पाठ लावून उभी होती, जिलेबी कधीच संपली होती, ती तुमच्या हाताकडे बघत होती. हात ताटातून तोंडाकडे जाई तसे त्यांचे डोळे जात. मग तुम्ही म्हणालात, "थोडासा भात अजून." आजीमायनं आत जाऊन भांडं आणलं आणि तुमच्या ताटात उपडं केलं. तुम्ही तोही खाल्लात. हात धुतलेत, तिला नमस्कार केलात, आणि आपण निघालो. मामा रानातून परत येत होता, हातात कंद होते. तो रस्त्याच्या कडेला थांबला आणि मोटार जाईपर्यंत जमिनीकडे पाहत राहिला.

आश्विनात आजीमाय गेली. हलका धान कापायला आठवडाभर उरला होता. लोक म्हणाले, ताप होता. ताप असेलही. ती दोन महिने आपल्या वाटणीचं पोरांच्या पानात टाकत होती, हे मामाच्या बायकोनं मायला सांगितलं. दिवस करून माय घरी आली, तुम्ही दारात उभे होतात, आणि तिनं तुम्हाला जे म्हटलं ते मी आत जातं पुसताना ऐकलं. "माया मायच्या घरातली वाट तुमाले ठाऊक होती. सायबाले नोती." बस, एवढंच. पुढे ती जगली तेवढी वर्षं माहेरी बैलगाडीनं गेली नाहीतर पायी गेली. तुमच्या मोटारीत तिनं पाय ठेवला नाही.

लढाई संपली, पेट्रोल परत आलं, आणि मोहाचं तेल सगळे विसरले. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी तुम्ही मोटारीला झेंडा बांधून देवरीपर्यंत फुकट फेऱ्या मारल्यात. लोकांना सांगायचात, "आमी तं तवाच देशी तेलावर गाडी चालवली." लोक वाहवा करायचे. माय गेल्यावर तुम्ही माझ्याकडे राहायला आलात. मी तुमचं सगळं केलं, कशाला कमी पडू दिलं नाही. सगळे म्हणायचे, लेक असावी तर अशी. पण जेवताना तुम्ही "थोडासा भात अजून" म्हटलं की मी भांडं सुनेकडे द्यायची आणि आत निघून जायची. तुमच्या ते लक्षात आलं होतं का, कोण जाणे.

नातू म्हणतो, या वेळी सगळं नीट होईल, फक्त उरलेलं, खराब झालेलं धान्य घेणार आहेत. असेल. त्या साहेबालाही उरलेलंच हवं होतं. उरलेलं कुणाचं, कुठल्या महिन्यासाठी उरलेलं, हे कोणीतरी घरातलंच दाखवावं लागतं.

हा कागद मी घडी करून चुलीत टाकेन. चूल म्हणजे आता गॅस, तरी सवयीनं तसंच म्हणते. पण त्याआधी एक सांगते. त्या दिवशी भात मागताना तुम्हाला ठाऊक होतं का, की आत काही नाही? तुम्ही माझ्या घरी इतकी वर्षं होतात, माझ्या समोर बसून जेवत होतात, मी कधीही विचारू शकले असते. विचारलं नाही. तुम्ही "नाई व पोरी, मले नोतं ठाऊक" म्हटलं असतं तर मला तुम्हाला माफ करावं लागलं असतं, आणि ते मला करायचं नव्हतं. आजही करायचं नाही.