नवरीच्या हनुवटीवरचा व्रण

मामा,

लिहायचं टाळत होते, कारण मी माफी मागावी असं तुला वाटतं आणि ती मी मागणार नाही.

तुझेच जुने फोटो बघबघून मी शिकले. डोळ्यांतल्या चमकेवरून उजेड कुठून आला ते ओळखायचे. (स्टुडिओतलं स्टूल अजून डुगडुगतं का रे?) त्या नवरीच्या हनुवटीवरचा व्रण मी फोटोत मुद्दामच ठेवला. तू म्हणालास, "लग्नाचा फोटो आहे, जरा साफ कर." व्रण म्हणजे काय मळ आहे? तीच म्हणाली होती, "राहू दे." तरी तू मला स्टुडिओतून हाकललंस. खुशाल! पुसणार नाही म्हणजे नाही.

थांब, दार वाजतंय.

मामी आलीये! म्हणते, "तुझ्या मामाने माझा एकही फोटो आहे तसा ठेवला नाही. तू काढ."

तुझी हट्टी भाची